यशराजच्या जोडीचा

मी, संयोगिता हंबीरराव साळोखे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा लेथ कारखाना, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर मला औषध नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला आलेल्यांचे काय झाले ते पेठेला ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा.

माझ्या वकील आफशीन मुजावर म्हणाल्या की मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहावे, कारणे लिहू नयेत, कारणांवरून भांडणे लागतात. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या घरातली सगळी भांडणे कारणे पोटात ठेवल्यामुळे झाली. म्हणून मी कारणे लिहिणार आहे. ज्याला नको असतील त्याने वाचताना तेवढा भाग गाळावा.

कलम पहिले. घर.

शिवाजी पेठेतील राहते घर, तळमजला आणि वरच्या दोन खोल्या, हंबीररावांनी आणि मी मिळून बांधले. ते माझ्या मागे माझा एकुलता मुलगा यशराज याचे. सन २०१३ मध्ये यशराजने स्वतः कचेरीत जाऊन घरावरचा आणि कारखान्यावरचा आपला हक्क सोडून दिला आणि तो बायकोमुलाला घेऊन पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "बापाला मारणाऱ्याला वाचवतीस. ह्या घरातली वीटबी मला नको." तो दस्त कायद्याने पक्का आहे. त्यामुळेच घर आज माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि मी ते त्याला परत देऊ शकते. रागाच्या भरात माणसाने केलेले एखादे काम असे उपयोगाला येते.

कलम दुसरे. कारखाना.

उद्यमनगरातील गाळ्यातील दोन लेथ, ड्रिल मशीन, ग्राइंडर, मोजमापाची सर्व हत्यारे, कारखान्याचे नाव आणि गिऱ्हाईक हे सर्व क्रांती बाळासो तोडकर हिचे. यशराजला हे मान्य आहे. त्याला लेथचा आवाज लहानपणापासून सहन होत नाही.

क्रांतीचे वडील बाळासो आमच्याकडे पहिल्या लेथपासून टर्नर होते. मार्च २००० मध्ये सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ते आणि हंबीरराव साखर कारखान्याचे एक तातडीचे काम पुरे करत होते. तिघे जण आत शिरले. त्यांतला एक पूर्वी आमच्याकडे हेल्पर होता. पगाराची रक्कम कपाटात असते हे त्याला ठाऊक होते. माझे पती आणि बाळासो, दोघांनाही त्यांनी लोखंडी बारने मारले. दोघेही दवाखान्यात पोचण्याआधी गेले. याहून जास्त मी लिहिणार नाही.

पुढे मी लेथ चालवायला शिकले. लोक म्हणाले, बाईमाणसाचे काम नव्हे. मग लोकांनीच कामे आणून दिली. क्रांती दहावी झाली तशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, आबांच्या लेथवर मी हुबी ऱ्हाऊ का?" तेव्हापासून ती तिथे आहे. तिला कारखाना देताना मी उपकार करत नाही. तो निम्मा तिनेच उभा केलेला आहे.

कलम तिसरे. माहेरची जमीन.

गगनबावडा तालुक्यातील अकरा गुंठे जमीन, जी माझ्या वडिलांनी मला एकटीला दिली, ती सर्जेराव दौलू चौगले याला. होय, तोच. त्या तिघांतला तिसरा.

हंबीररावांच्या कष्टातला एक नटबोल्टही त्याला जात नाही, हे यशराज आणि क्रांती यांनी नीट पाहून घ्यावे. ही जमीन माझी आहे आणि तिचे कारणही माझ्या माहेरचे आहे.

यशराजच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी होते. १९८३ चा श्रावण. घाटमाथ्यावर पाऊस असा की शेजारच्या घरी जायचे तर इरले घेऊन जावे लागे. आमच्या भिंतीला भिंत लागून दौलू चौगलेचे खोपट होते. माझी सुटका झाली आणि दुसऱ्याच दिवशी दौलूची बायको बाळाबाई हिची झाली, त्याच सुईणीच्या हातून. बाळाबाईला ताप भरला, दूध येईना. सुईणीने तिचे पोर आणून माझ्या मांडीवर ठेवले. मी एकीकडे यशराजला आणि दुसरीकडे त्याला घेत असे. बाळाबाई उठून बसेपर्यंत असे चालले. माझे वडील शिकलेले, त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन यशराजची नोंद केली. दौलूने केली नाही. त्याला त्याची गरज वाटली नाही.

बाळाबाई पोर लहान असतानाच वारली. दौलू त्याला घेऊन वारणानगरला साखर कारखान्यावर मजुरीला गेला. पोर शाळेत टिकले नाही, माणसांत टिकले नाही, वाईट संगतीत तेवढे टिकले. पुढचे सांगितलेच आहे. सर्जेराव नुसता दारात उभा नव्हता. त्यानेही मारले. कोर्टात ते सिद्ध झाले आणि त्याने ते नाकारले नाही. तिघांनाही फाशी झाली. वरच्या कोर्टांत एकाची जन्मठेप झाली, एक आजाराने तुरुंगातच मेला. सर्जेरावची फाशी मात्र कायम राहिली आणि दयेचा अर्जही फेटाळला गेला.

मी कोर्टात एकदाच गेले होते, मृतदेह ओळखल्याचे सांगायला. बाकी सर्व तारखांना माझे दीर उदयसिंह जात. तिसरा आरोपी बाळाबाईचा मुलगा आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळले होते. त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला. ज्याला मी पाजले त्यानेच, हे एवढेच डोक्यात फिरत असे. तो मेला की आपण मोकळ्या झालो, असे मी कित्येक वर्षे धरून चालले होते.

सन २०१२ मध्ये आफशीन माझ्याकडे आल्या. तेव्हा त्या नवख्या वकील होत्या. त्यांनी सांगितले की परदेशातील एक संस्था जगभरात अशा प्रकरणांचा पाठपुरावा करते. गुन्हा करताना जो अठराच्या आत होता त्याला कोणत्याच देशाने फाशी देऊ नये असा मुलांच्या हक्कांचा करार आहे, त्याला आपला देशही बांधील आहे. सर्जेराव अल्पवयीन असावा असा त्या संस्थेला संशय होता, पण पुरावा नव्हता. शाळेचा दाखला सापडत नव्हता आणि हाडांच्या तपासणीवरून नक्की काही ठरत नव्हते. आरोपीच्या गावाकडची माहिती कोणाला आहे का, एवढे विचारायला त्या आल्या होत्या.

माझा संताप झाला. मी त्यांना म्हटले, "माझा नवरा मेला तवा कुठला देश हिकडं आला न्हाय. बाळासोंच्या घरात चूल पेटत नव्हती तवा कुणी करार केला न्हाय. आन् आता त्याच्यासाठी? सोळा वर्षाचं कारटं, माझ्या यशराजच्या जोडीचं, माझं दूध प्यालेलं, त्यानं माझ्या नवऱ्याला मारलं, आन् तुम्ही माझ्याच दारात येतायसा?"

आफशीननी हातातला कप खाली ठेवला.

"काकू," त्या म्हणाल्या, "कुणाच्या जोडीचं म्हणालात?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की कागदोपत्री त्याचे वय वीस लिहिलेले आहे. पोलिसांनी दौलूला विचारले तेव्हा त्याने अंदाजाने वीस सांगितले होते आणि तेच प्रत्येक कोर्टात पुढे गेले. गुन्ह्याच्या वेळी मुलग्यांसाठी कायद्याची हद्द सोळाची होती. पुढे ती अठराची झाली आणि जुन्या खटल्यांनाही लागू झाली. म्हणजे माझ्या तोंडून रागाने जे निघाले होते तेच त्याला वाचवू शकणार होते.

मी विचारले, "मग त्यो सुटंल?"

"सुटेल," त्या म्हणाल्या. खोटे बोलल्या नाहीत.

"मग मी काय बोललेच न्हाय."

त्यांनी चहा संपवला, मला नमस्कार केला आणि गेल्या. फोन केला नाही, कोणाला पाठवले नाही. त्यांनी गळ घातली असती तर मी नक्की नाही म्हटले असते.

मी यशराजशी बोलले. तो म्हणाला, तू गप्प बस, तू काही केलेले नाहीस, बापाने वय सांगितले, कोर्टाने लिहिले. ते खरे होते. मी क्रांतीकडे गेले, कारण जेवढा माझा माणूस गेला तेवढा तिचाही गेला होता. तिने लेथ बंद केला, सगळे ऐकून घेतले आणि हात पुसले. मग म्हणाली, "काकी, मला त्यो मेलेला पायजे. पण खोट्यानं न्हाय."

मी गावी जाऊन यशराजच्या जन्मनोंदीची नक्कल काढली आणि आफशीनना फोन केला.

वरच्या कोर्टाने वयाची चौकशी खालच्या कोर्टाकडे सोपवली. साक्षीच्या दिवशी तिथे उदयसिंह पेठेतली माणसे घेऊन बसले होते. सर्जेरावला आणले. मी त्याला प्रथमच नीट पाहिले. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. मी यशराजच्या जन्माचे, सुईणीचे, बाळाबाईच्या तापाचे सगळे सांगितले. सरकारी वकिलांनी विचारले की तुम्हाला कोणी पैसे दिले का, धमकी दिली का. मी नाही म्हटले. मग ते म्हणाले, "आरोपीबद्दल तुम्हाला दया वाटते, म्हणून तुम्ही हे सांगताय, बरोबर?"

मी म्हणाले, "दया न्हाय वाटत. वय विचारलंसा, वय सांगितलं."

न्यायाधीशांनी ते जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. माझी साक्ष, यशराजची जन्मनोंद आणि हाडांचा अहवाल हे एकमेकांना धरून आहेत असा निष्कर्ष वर गेला. २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने सर्जेरावला सोडले. अल्पवयीनाला कायद्याने जेवढे दिवस ठेवता येते त्याच्या कितीतरी पट त्याने आत काढले होते.

ज्या दिवशी तो सुटला त्या दिवशी मला आनंद झाला नाही. मला झोप लागली. दुपारी जेवून पडले ती दिवेलागणीला क्रांतीने उठवले तेव्हा उठले. इतक्या वर्षांत मी अशी झोपले नव्हते. फाशीची तारीख कधी लागते याकडे माझे कान लागून होते, ते सुटले. त्याच्या मरणाची वाट पाहणे हे एक काम होऊन बसले होते, आणि ते माझ्यावरून उतरले.

वर्षभराने तो कारखान्याच्या फाटकाशी आला. आत आला नाही. क्रांती त्याला पाहून मागच्या बाजूला निघून गेली. तो म्हणाला, "आक्का, कुठलंबी काम सांगा. जन्मभर करतो."

मी म्हटले, "हितं न्हाय. हितं तुझं तोंड मला रोज बघवायचं न्हाय. गावाकडं माझं रान पडून हाय, बांध ढासळलाय. तिकडं जा."

तो गेला. दगड फोडून बांध घातला, नाचणी लावली, भात लावला. दरवर्षी सुगीला एक पोते नाचणी एस.टी.ने पाठवतो. पहिल्या वर्षी मी ती गाईला घातली. दुसऱ्या वर्षीपासून खाते. त्याच्या घरी आता बायको आहे आणि एक मुलगी आहे. तिची जन्मनोंद त्याने केली का, हे मी पहिल्यांदा विचारले होते. केली आहे. ज्याने बांध घातला त्याचीच ती जमीन. ती विकू नये अशी माझी इच्छा आहे, अट नाही.

कलम चौथे. दीर उदयसिंह.

यांना काही नाही. विसरून राहिले असे कोणी समजू नये. मी परदेशी पैसे खाल्ले असे यांनी तालमीच्या कट्ट्यावर बसून सांगितले. घर एकत्र कुटुंबाचे आहे म्हणून माझ्यावर दावा लावला आणि तो हरले. कोर्टाची पायरी त्यांना आवडत असावी. तरी हंबीररावांचे ते सख्खे भाऊ आहेत, हे मी जाणते. माझ्या मयताला त्यांनी यावे, पुढे उभे राहावे, पाणी सोडावे. मात्र स्मशानात भाषण करू नये. ही अट आहे.

कलम पाचवे. परदेशातील संस्था.

या संस्थेने माझे नाव छापून मला 'क्षमाशील विधवा' म्हटले. तेव्हा कुठकुठल्या देशांतून मला पत्रे आली. शाळेतल्या मुलांनी चित्रे काढून पाठवली. माणसे चांगली होती. पण मी कोणालाही क्षमा केलेली नाही. मी साक्ष दिली. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. माझ्या मागे कोणी कुठेही तसे छापू नये, आणि छापले तर आफशीननी दुरुस्त करून घ्यावे. माझ्याविषयी लिहायचेच असेल तर त्यात हंबीरराव साळोखे आणि बाळासो तोडकर ही दोन नावे पूर्ण लिहावीत. मी त्या संस्थेला तसे कळवले होते. त्यांनी पुढच्या अंकात नावे छापली आणि माफी मागितली, हेही येथे नमूद करते. त्यांना माझ्या मिळकतीतून काही जात नाही; त्यांच्याकडे भरपूर आहे.

कलम सहावे. राजवीर.

यशराजचा मुलगा राजवीर याला माझी पोस्टातील ठेव, त्याला अठरा पूर्ण झाल्यावर. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ सूनबाईंना.

आता यशराज परत कसा आला ते लिहिते. बारा वर्षे तो माझ्याशी कामापुरते बोलत होता. दिवाळीला नातवाला पाठवायचा, स्वतः यायचा नाही. यंदा राजवीरला सोळा संपून सतरावे लागले. त्याने न सांगता बापाची गाडी काढली आणि सोसायटीच्या फाटकावर घातली. कोणाला लागले नाही. यशराजने त्याला झापले तर पोर आधी हसले, मग खोलीत जाऊन रडले, मग बाहेर येऊन जेवायला काय आहे असे विचारू लागले. यशराजने मला फोन केला. मध्यरात्र झाली होती. मला वाटले कोणाचे काही बरेवाईट झाले. मग म्हणाला, "आई, सोळा म्हंजे एवढंच असतंय व्हय गं?"

मी म्हटले, "व्हय बाळा. एवढंच."

तो म्हणाला, "मी त्यावेळी तेवढाच होतो की."

त्या शनिवारी तो आला, राजवीरला घेऊन. पेठेत मॅच होती. नातवाला मैदानावर पाठवून आम्ही दोघे घरात बसलो. मी तांबडा पांढरा केला होता. त्याने दोनदा रस्सा मागून घेतला. सर्जेरावला माफ कर असे मी त्याला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. बापाच्या खुनाचा राग त्याने जन्मभर ठेवावा, तो त्याचा हक्क आहे. जमिनीचे मी त्याला त्याच दिवशी सांगितले. तो म्हणाला, "तुझी हाय, तू बघ."

कलम सातवे. शेवटचे विधी.

साधे करावेत. गावजेवण नको. त्या दिवशी कारखाना बंद ठेवू नये. हातातले काम पुरे करून मग यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आफशीन मुजावर यांनी करावी. त्यांनी आजवर माझ्याकडून फी घेतलेली नाही, यासाठी मात्र घ्यावी.

कलम आठवे.

यात देण्याघेण्याचे काही नाही, पण ताजे आहे म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात आफशीन आल्या. एका दूरच्या देशात एका मुलाला सतरा वर्षांचा असताना केलेल्या खुनासाठी फाशी ठरली होती. तिथल्या कायद्याप्रमाणे मेलेल्याच्या आईने फाशीची मागणी सोडली तरच ती टळणार होती. जगभरातून अर्ज गेले, सरकारांनी विनंत्या केल्या, आणि त्या बाईने दार लावून घेतले होते. मला ते लगेच समजले. माझ्या दाराशीही जे आले ते मारणाऱ्यासाठी आले होते, माझ्यासाठी नव्हे. आफशीननी विचारले, तुम्ही तिला काही सांगाल का. मी म्हटले, मला तिची भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, मराठीत बोला, पुढे भाषांतर होईल.

मी फोनमध्ये बोलले. जसे बोलले तसे लिहिते. "बाई, माझाबी माणूस पोरानंच मारला. माफ करा म्हणून मी सांगणार न्हाय. राग ठेवा, त्यो तुमचा हाय. मी ठेवलाय, पंचवीस वर्षं झाली, अजून चांगला हाय. पोराला तेवढं सोडा. मग झोप लागती."

काल उत्तर आले. तिने मागणी सोडली. मुलाची फाशी रद्द झाली. तिने माझ्यासाठी आपल्या आवाजात निरोप पाठवला होता. आफशीननी फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवून तो लावला. सुरुवातीला काही शब्द नव्हते. एक लांब सुस्कारा होता, छाती रिकामी होईपर्यंत सोडलेला. मग ती बोलू लागली. आफशीन अर्थ सांगायला लागल्या, तर मी त्यांना हाताने थांबवले आणि आधी ते तसेच ऐकून घेतले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. त्यांनी माझ्यासमोर करावी.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) संयोगिता हंबीरराव साळोखे

साक्षीदार

१. डॉ. अमीन दस्तगीर बागवान, कोल्हापूर. लिहून देणार यांना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत व त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

२. धोंडुबाई गणपती इंगवले, शेजारीण, शिवाजी पेठ, कोल्हापूर. सगळे वाचून दाखवले, मी ऐकले, सही माझ्यासमोर झाली. (सही)